एक खुनाचं, एक देवाचं, एक खरं

दिवसभर पाणी जाणार, ही थाप मी फक्त एकाच माणसाच्या कानात मारली होती. बाकीचं काम त्या माणसानं केलं. तो माणूस म्हणजे तळमजल्यावरच्या शिवणवहिनी. त्यांच्या मशीनला पायडल आहे आणि तोंडाला मोटर. मी दाढी आटपून खाली उतरेपर्यंत अख्ख्या इमारतीत बादल्यांचा खडखडाट सुरू झाला होता. ज्याच्या घरात जे पोकळ होतं ते भरलं जात होतं. वरच्या मजल्यावरच्या गार्डसाहेबांनी तर बादल्या संपल्यावर किटली भरली, फुलदाणी भरली आणि शेवटी गमबूट भरून भिंतीला टेकवून ठेवले. ते बूट बघितले आणि मला हसू आवरेना. तिथंच पकडला गेलो.

"हा बघा! हा बघा कसा हसतोय!" वहिनी हातातली कात्री माझ्याकडे रोखून म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवतो आणि ह्याच्या तोंडात एक खरं बसेल तर शपथ!"

"वहिनी, तुमच्या तोंडात गुपित बसतं का कधी?"

"भावजी, विषय बदलू नका."

मी कवळ्या बनवतो. म्हणून सगळे मला कवळ्या म्हणतात, वहिनी सोडून. वहिनींना मी भावजी. गार्डसाहेब म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांच्या गळ्यात अजून ती पितळी शिट्टी असते. पोरं मागे लागतात, आजोबा एकदा वाजवा ना, पण ते कधी वाजवत नाहीत. म्हणतात, शिट्टी उगाच वाजवायची नसते, ती वाजली की काहीतरी सुटतं. असा हा गंभीर माणूस ओल्या पायजम्यानं जिन्यात उभा होता आणि माझ्याकडे बघत होता, उशिरा आलेल्या प्रवाशाकडे बघावं तसा.

"कवळ्या, एक दिवस," ते म्हणाले. "आज दिवे लागेपर्यंत एकही खोटा शब्द बोलायचा नाही. चेष्टेतसुद्धा नाही. जमेल?"

"जमलं तर?"

"तर मी इथं अंगणात, सगळ्यांसमोर, कोंबड्यासारखा आरवेन. तीनदा. नाही जमलं तर तू."

"आणि मी बाहेर कुठं खोटं बोललो तर तुम्हाला कळणार कसं?"

"तूच येऊन सांगायचं."

"घ्या!" वहिनी म्हणाल्या. "मांजराला दुधाची राखण!"

"असू दे," गार्डसाहेब म्हणाले. "पैज त्याच्याशीच आहे आणि साक्षीदारही तोच."

मी टाळी दिली. गार्डसाहेबांना आरवताना बघायचं म्हणजे काय चैन होती! उड्या मारत जिना चढलो, दार ढकललं, आणि कॉटवर तीन पुस्तकं दिसली. एकावर एक, सुतळीनं बांधलेली. आज पुस्तकं बदलायचा वार. मी दारातच थांबलो.

ती पुस्तकं आक्काची. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी खेळण्यातल्या गाड्या चाटायच्या वयाचा होतो. वडील फिरतीवर असायचे, त्यामुळे मला वाढवलं ते आक्कानंच. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. दिवसभर कानाला दुसऱ्यांची बोलणी लावून घरी यायची आणि म्हणायची, आता मला कुणाचाही आवाज नको, फक्त छापलेला माणूस हवा. लग्न तिनं केलं नाही. मी केलं, पण ते टिकलं नाही. बायको जाताना म्हणाली, तुझ्याशी भांडतासुद्धा येत नाही, मध्येच हसवतोस. मग मी परत आक्काकडे आलो. आक्कानं दार उघडलं, माझी ट्रंक बघितली आणि म्हणाली, चक्रमा, पाय पुस, आत्ताच लादी पुसलीय. बस. त्या विषयावर आमच्यात एवढंच बोलणं झालं. पुलापलीकडच्या लायब्ररीत तिचं कार्ड होतं, एका वेळी तीन पुस्तकांचं. तिची मागणी ठरलेली. एक खुनाचं, एक देवाचं, एक खरं. खुनाचं म्हणजे जुन्या काळातलं. राजेरजवाडे, बंद खोल्या, विषाचे प्याले. आजकालच्या खुनात मजा नाही म्हणायची, आजकाल माणसं उगाच मारतात. देवाचं म्हणजे कुठल्याही देवाचं, तिला धर्माचं वावडं नव्हतं. प्रार्थना का करावी, शंका आली तर काय करावं, असल्या विषयांवर कुणी कुणी लिहिलेलं. आणि खरं म्हणजे जे घडलेलं आहे, मोजलेलं आहे, ते. मिठाचा इतिहास, पूल कसे बांधतात, पक्षी रस्ता कसे शोधतात. जेवताना ती खरं वाचून दाखवायची. "ऐक रे, ऑक्टोपसला तीन काळजं असतात." मी म्हणायचो, "तीनही तुटली तर बिचाऱ्यानं काय करायचं?" ती चष्म्यावरून बघायची. "तुला एकच आहे तेही वापरत नाहीस."

खुनाच्या पुस्तकाचं शेवटचं पान ती आधी वाचायची. मला ते भयंकर वाटायचं. मी वाचत काहीच नाही, पण तत्त्व म्हणून वाटायचं. मी विचारायचो, खुनी कळल्यावर पुढं वाचायचं कशाला? ती म्हणायची, खुनी कोण हे माहीत असलं की तो खोटं कसं बोलतो ते नीट बघता येतं. पहिल्यांदा वाचणारा फसतो. मला नाही फसायचं, मला बघायचंय. आणि देवाचं पुस्तक? ते ती उशाशी ठेवायची आणि क्वचित उघडायची. एकदा मी चिडवलं, ह्याचंही शेवटचं पान बघून टाक ना, सगळं मिटेल. तर तिनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, विश्वास म्हणजे शेवटचं पान न बघता पुस्तक वाचायचं. ते मला जमत नाही, म्हणून नुसतं उशाशी ठेवते. निदान शेजार तरी राहील.

ती गेली दुपारची. डुलकी लागली ती लागलीच. छातीवर खुनाचं पुस्तक उपडं पडलेलं. मी कामावरून आलो, तिच्या पायाशी बसून बूट काढले, आणि दिवसभरातली एक गंमत अर्धी सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. अर्धी राहिलेली ती गंमत मी नंतर कुणालाच सांगितली नाही. आता आठवतही नाही. लोक आले, सगळं झालं, इमारतीनं फार केलं माझं. वहिनी रोज डबा आणून द्यायच्या, गार्डसाहेब नुसते येऊन खुर्चीत बसायचे. मी त्यांना हसवायचो. मग काही दिवसांनी तीन पुस्तकं उचलून पूल ओलांडून लायब्ररीत गेलो. पुस्तकं परत करावी, कार्ड बंद करावं, एवढंच डोक्यात होतं. काउंटरवरच्या बाई पुस्तकं तपासत होत्या, मान खाली, आणि मान खालीच ठेवून त्यांनी विचारलं, "आक्कांना पुढचं काय काढू?" आता माझ्या तोंडाची सवय अशी की ते माझ्या आधी बोलतं. ते म्हणालं, "नेहमीचंच. एक खुनाचं, एक देवाचं, एक खरं."

चेष्टा म्हणूनच निघालं असेल ते. पण पुस्तकं हातात घेऊन पुलावर आलो तेव्हा छातीत इतकं हलकं वाटत होतं की मी पुलाच्या कठड्यावर हातानं ताल धरला. घरी आलो, पुस्तकं तिच्या कॉटवर ठेवली. दिवा लावला. पुढच्या खेपेला परत नेली, नवी आणली. तेव्हापासून हे चाललंय. मी एकही उघडत नाही. येतात, कॉटवर राहतात, जातात. इमारतीत हे कुणाला माहीत नाही. लायब्ररी पुलापलीकडे, इथलं तिथं कुणी जात नाही. बाई विचारतात, मागचं कसं वाटलं आक्कांना? मी ठोकून देतो. एकदा मी म्हणालो, आक्काला शेवट पटला नाही. बाईंनी पुस्तक मागून उघडून दाखवलं. शेवटची पानं फाटलेली होती, कधीची कोण जाणे. मी म्हणालो, म्हणूनच पटला नाही. बाई हसल्या नाहीत. शिक्का मारला आणि पुढचं बांधायला घेतलं.

तर आज तो वार, आणि आज खोटं बोलायचं नाही. मी खोलीत उभा राहून विचार केला, न जाण्यात काय खोटं आहे? नाहीच जायचं. पण मग पुस्तकं कॉटवर तीच राहतील, आणि एखादी वस्तू त्या कॉटवर तशीच पडून राहिली की काय होतं ते मला माहीत आहे. तिची शाल तशी राहिली होती. काही दिवसांनी ती शाल वाटेनाशी झाली, आक्का नसण्याची घडी वाटायला लागली. पुस्तकं बदलतात म्हणून खोलीत काहीतरी चालू असल्यासारखं वाटतं. खिडकीतल्या ग्लासातलं पाणी मी बदललं. त्यात तिची कवळी असते. मीच बनवलेली, आयुष्यातली सगळ्यात चांगली. वरचा डावा सुळा मी मुद्दाम जरा वाकडा लावला होता, कारण तिचा खराही तसाच होता. तिनं आरशात बघून म्हटलं होतं, "वा, माझी खोड तुला पाठ आहे." कवळी कोरडी पडली की वाकते, मग ती कुणाच्याच तोंडात बसत नाही. म्हणून पाणी बदलायचं. आता ती कुणाच्या तोंडात बसायची आहे, असं विचारू नका. आज विचारू नका, आज मला खरं सांगावं लागेल.

आमच्या कारखान्यात सकाळी प्लास्टरचा वास असतो आणि दुपारी मेणाचा. फळीवर ओळीनं लोकांचे जबडे वाळत असतात, प्रत्येकाखाली नंबर. माणसं येतात ती ठशाच्या रूपानं. गाल नाहीत, डोळे नाहीत, नुसती हिरडी, आणि त्यावरून मी ठरवायचं की हा हसला तर किती हसेल. आज दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः एका आजोबांना घेऊन आल्या. आजोबा अडून बसले होते, ज्यानं दात केले त्याला भेटल्याशिवाय घालणार नाही म्हणून. त्यांनी खिशातून आपला तरुणपणीचा फोटो काढला. केस, छाती, दात, सगळंच भरपूर. "हे असं दिसेल ना?" त्यांनी विचारलं. रोजचा मी असतो तर म्हणालो असतो, आजोबा, ह्याहून भारी, घरी जाताना पोरी मागं लागतील, मागच्या दारानं जा. जीभ तयारही झाली होती. मी ती गिळली.

"नाही दिसणार आजोबा. फोटोतला माणूस गेला. पण तुम्ही जेवाल व्यवस्थित."

डॉक्टरीणबाईंचे डोळे मोठे झाले. आजोबा फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी तो खिशात घातला आणि म्हणाले, "बरं झालं. फार काही चांगला नव्हता तो. फक्त दात बरे होते." आणि त्यांनी कवळी घातली, दोनदा चावून बघितली, आणि पहिला शब्द म्हणाले, "शाबास." श मधून शिट्टी आली. सगळे हसले. मीही. पॉलिशच्या चाकावर बसलो तेव्हा मला वाटत होतं, अरे, हे तर सोपं आहे. खरं बोललं तर आभाळ कोसळत नाही. उलट समोरचा शाबास म्हणतो. गुलाबी भुकटी उडत होती, माझ्या भुवयांवर बसत होती, आणि मी मनात वाक्य घडवत होतो. बाई, आक्का गेली. एवढंच. घासून गुळगुळीत केलं, कुठं टोचणार नाही असं. बाई, माझी बहीण गेली, बरेच दिवस झाले, कार्ड बंद करा. लांब झालं. बाई, आक्का गेली. हे ठीक. आक्का म्हणायची, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी लहानपणी काच फोडून तुकडे गादीखाली लपवायचो, शेजाऱ्यांची घंटा वाजवून पळायचो आणि पुस्तक उलटं धरून वाचत बसायचो, तेव्हा ती हे म्हणायची. रागानं नाही. टोपलीखालचा तो कोंबडा माझ्या इतका ओळखीचा झाला होता की मला त्याची कीव यायची. सगळे टोपलीवरून भांडतात. आत अंधारात त्याला काय वाटत असेल?

अर्ध्या दिवसानं काम संपवून निघालो. रस्त्यात दोन माणसं भेटली, कसं काय म्हणाली, मी म्हणालो, बरं नाहीये. एकानं ऐकलंच नाही, हसून पुढं गेला. दुसरा थांबला आणि आपलं गुडघ्याचं सांगत बसला. पुलावर नेहमीसारखा वारा. पुलाबद्दलचं ते खरं पुस्तक आक्कानं दोनदा आणलं होतं. पूल हलतो म्हणूनच टिकतो, तिनं वाचून दाखवलं होतं, जो अजिबात हलत नाही त्याला तडे जातात. मी म्हणालो होतो, म्हणजे माझ्यासारखा. ती म्हणाली होती, तू हलत नाहीस, तू नाचतोस, त्यानं पूल पडतात. मी मध्यावर थांबलो. माझ्यात काय हलत होतं ते बघितलं. काही नाही. नुसतं ते वाक्य तोंडात, नवी कवळी असावी तसं, सगळीकडे लागत होतं.

लायब्ररीत वाचनकक्षातल्या पंख्याची घरघर आणि जुन्या कागदाचा तो थंड वास. काउंटरवर बाई एकट्याच. मी पुस्तकं ठेवली. त्यांनी सुतळी सोडली, ती बोटाला गुंडाळून बाजूला ठेवली, एकेक पुस्तक उघडून शिक्के तपासले. त्यांची मान खाली. मी मनात म्हणालो, आता. त्यांच्या हाताजवळ तीन नवी पुस्तकं आधीच काढून ठेवलेली होती. वरचं खुनाचं, आणि त्याच्या शेवटच्या पानांभोवती त्यांनी वेगळा दोरा बांधून गाठ मारली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"आक्का शेवट आधी वाचतात ना? ह्या वेळी म्हटलं, सुरुवातीपासून वाचून बघू दे. गाठ सोडणं त्यांच्या हातात." मग पेन उचलून त्यांनी विचारलं, "मागची आवडली का त्यांना?"

बाई, आक्का गेली. ते वाक्य वर आलं, टाळ्याला लागलं, हललं. मी तोंड उघडलं. मला दिसलं की हे वाक्य बाहेर पडलं की बाई पेन खाली ठेवतील, अरेरे म्हणतील, ड्रॉवरमधून आक्काचं कार्ड काढतील आणि त्याच्यावर एक रेघ मारतील. आणि जगात ह्या एकाच काउंटरवर आक्का अजून वाचतेय. इमारतीत ती गेलेली, एक्सचेंजमध्ये गेलेली, माझ्या खोलीतसुद्धा गेलेली. फक्त इथं, ह्या दोन हात फळीवर, तिला काय आवडलं असं कुणीतरी अजून विचारतंय. तिच्यासाठी दोरा बांधतंय.

"आवडली," मी म्हणालो. "वाचतेय. डोळे दुखतात हल्ली, म्हणून हळूहळू."

खोटं, आणि वर त्याला भरतकाम. बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या भुवयांवर अजून गुलाबी भुकटी असेल. त्या बघत राहिल्या, जरा जास्तच, आणि मग सुतळी घेऊन तिन्ही पुस्तकं बांधली.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "सावकाश वाचा म्हणावं." गाठ मारताना थांबल्या. "आणि तुम्हीही."

बाहेर आलो तर पाय घराकडे वळेनात. नदीकाठच्या बाकावर बसलो. हरलो होतो पैज, पण ते कुणाला माहीत? मला आणि बाईंना, आणि बाईंना पैज माहीत नव्हती. बाईंना दुसरं काहीतरी माहीत होतं, असं मला वाटायला लागलं. कधीपासून? फाटक्या पानांपासून? पहिल्या दिवसापासून? मी सुतळी सरकवून खुनाचं पुस्तक काढलं. आयुष्यात पहिल्यांदा पहिलं पान उघडलं. गोष्ट एका राजाची. किल्ल्याला वेढा पडलेला, आणि आत राजा मरून पडलाय. शत्रूला कळलं तर सगळं संपलं, म्हणून दरबारानं ठरवलं, राजा आजारी आहे, एवढंच सांगायचं. दार बंद. फक्त स्वयंपाक्याला आत जायची परवानगी. रोज तो भरलेलं ताट आत नेतो आणि रोज ताट रिकामं बाहेर येतं. पहारेकरी कुजबुजतात, राजा जिवंत आहे, जेवतोय. आणि प्रधान, ज्यानं स्वतः राजाचा हात थंड पडलेला बघितला होता, त्याची झोप उडते. ताट रिकामं कसं होतंय? मी तिथं थांबलो आणि मोठ्यानं हसलो. शेजारच्या बाकावरची बाई आपली पिशवी घेऊन उठून गेली. मला त्या स्वयंपाक्याला भेटायचं होतं. त्याला सांगायचं होतं, गड्या, मला माहीत आहे, गाठ सोडायचीही गरज नाही. तूच खातोस. बंद दाराआड, राजाच्या शेजारी बसून, थंड झालेलं. पण तू निदान खातोस तरी. मी तर भरलेलं ताट तसंच परत नेतो आणि म्हणतो, जेवला.

आणि मग हसता हसता एक गोष्ट अशी सरळ समोर आली की मी पुस्तक मिटलं. मी फसवत कुणाला होतो? बाईंना नाही. आक्काला तर शक्यच नाही, तिला शेवटचं पान आधीच माहीत असायचं, मग ती खोटं बोलणाऱ्याकडे बघत बसायची, चष्म्यावरून, प्रेमानं. खोली दिसली मला, तिची कॉट, ग्लासातलं पाणी. त्या खोलीत मी रोज संध्याकाळी बूट काढतो आणि बोलत नाही. सगळ्या इमारतीला हसवून वर जातो आणि दार लावल्यावर घशातून एक आवाज निघत नाही. इतके दिवस झाले, मी रडलो नाही. लोक म्हणतात, काय धीराचा माणूस. धीर कसला, ताट आत नेत होतो, जेवणारा आहे असं दाखवत होतो.

अंगणात आलो तेव्हा उजेड अजून होता, दिव्यांची वेळ जवळ आलेली. सगळी इमारत खाली जमलेली आणि मला बघून टाळ्या! मला कळेना. वहिनी धावत आल्या. "भावजी, तुमच्या तोंडात साखर पडो! दुपारी पाणी खरंच गेलं हो! मुख्य नळ फुटलाय म्हणे. सगळ्या गल्लीत बोंबाबोंब, फक्त आपल्याकडे भरलेलं!"

"गमबुटातलं पाणी मी झाडांना घातलं," गार्डसाहेब म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला आणि अंगणाच्या मध्ये येऊन उभे राहिले. एकदम ताठ. "मी हरलो. ह्याचं सकाळचं खोटंसुद्धा खरं झालं. आणि दिवसभरात ह्याचं एकही खोटं कुणाच्या कानावर आलं नाही. त्या डॉक्टरीणबाई वहिनींकडेच कपडे शिवतात, त्यांनी तर वहिनींना फोन करून विचारलं, ह्याची तब्येत बरी आहे ना म्हणून." लोक हसले. "आरवतो मी. पैज म्हणजे पैज."

त्यांनी दोन्ही हात काखेत घेतले, पंखांसारखे. तो एवढा गंभीर माणूस, गळ्यात शिट्टी, आणि कोपर वर. ह्यासाठी मी सकाळी उड्या मारल्या होत्या. नुसतं गप्प राहायचं होतं मला. पुस्तकांची सुतळी बोटात रुतत होती. मला वाटलं, पाणी जाणार म्हणालो आणि पाणी गेलं. माणसाचं खोटं कधी कधी खरं होतं. मी इतके दिवस हेच करत होतो का? म्हणत राहायचं, वाचतेय, वाचतेय, आणि एक दिवस दार उघडलं की ती वाचत असेल?

हे मात्र खरं होणार नाही.

"थांबा," मी म्हणालो. "हात खाली घ्या गार्डसाहेब. मी हरलोय."

"आता हा नवा डाव!" वहिनी म्हणाल्या. "काय खोटं बोललात? कुणाशी?"

"लायब्ररीतल्या बाईंशी."

"काय?"

"म्हणालो, आक्का वाचतेय. डोळे दुखतात म्हणून हळू." आवाज माझाच होता, पण पहिल्यांदा ऐकतोय असा. "प्रत्येक खेपेला म्हणतो. तिला पुस्तकं आणतो. ही बघा. ती गेल्याचं तिथं सांगितलंच नाही मी कधी."

अंगणात कुणी हसलं नाही. कुणाच्या तरी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. वहिनींच्या तोंडाची मोटर मी बंद पडलेली पहिल्यांदा बघितली. गार्डसाहेबांनी हात खाली घेतले. जवळ आले. "कवळ्या," ते हळू म्हणाले, "हे असलं पैजेत धरत नाहीत रे."

"धरतात. पैज म्हणजे पैज. तुम्हीच म्हणालात."

मी पुस्तकं पायरीवर ठेवली. अंगणाच्या मध्ये गेलो. हात काखेत घेतले आणि आरवलो. पहिल्यांदा छान जमलं, अगदी खऱ्यासारखं, शेवटी तो फाटका सूरसुद्धा. वरच्या गॅलरीतलं एक लहान पोर खुदकन हसलं आणि त्याच्या आईनं त्याला दाबलं. मी हातानं खूण केली, हसू दे, हसू दे, पैसे भरलेत. मग दुसऱ्यांदा आरवलो. आता आणखी काही जण हसले, मला बरं वाटावं म्हणून, आणि वहिनी पदरानं नाक पुसत हसल्या. तिसऱ्यांदा मी मान वर केली, छाती भरून घेतली, आणि आवाज निघाला तो कोंबड्याचा नव्हताच. तो टोपलीखालचा होता. तो लांबत गेला, फाटला, थांबेना. कुठल्याही दाताला न लागता तो बाहेर पडत होता, मी त्याला धरून होतो की तो मला, कळत नव्हतं, आणि सगळी इमारत बघत होती, आणि मला लाज वाटत नव्हती.

श्वास संपला तेव्हा शेजारी गार्डसाहेब उभे होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी बोटांनी पुसली, ओठांना लावली, आणि वाजवली. लांब, एकसारखी, आतापर्यंत कुणाही पोराला न मिळालेली. पोरं अवाक झाली. पायरीवर तीन पुस्तकं होती, वरच्याची गाठ तशीच. शिट्टी वाजत होती तेवढ्यात अंगणातला दिवा लागला.